मित्र बोवेनच्या मनात काय आहे : न्यूपोर्टच्या सुताराच्या एका पत्राचं प्रकरण

३० जून १७६३. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड वसाहतीत, न्यूपोर्ट बंदरात, जॉन गोडार्ड नावाच्या सुताराने त्याच वसाहतीतल्या प्रॉव्हिडन्सच्या मोझेस ब्राउन या तरुण व्यापाऱ्याला एक पत्र लिहिलं. तारीख घालताना त्याने जून म्हटलं नाही, ‘सहावा महिना’ असं लिहिलं. गोडार्ड क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा होता आणि रोमन देवतांवरून पडलेली महिन्यांची नावं ही मंडळी वापरत नसत.

मजकूर निव्वळ कामाचा आहे. तू सांगितलेलं चहाचं टेबल आणि साध्या खुर्च्या बिलासकट पाठवतो आहे, बाकीचं काम बरंच पुढे गेलंय, लवकरच पुरं होईल. मग तो मुद्द्यावर येतो. जेबेझ बोवेनची चार ओळींची चिठ्ठी मिळाली, हे फर्निचर त्याच्यासाठीच असावं असं मी समजतो. टेबलांऐवजी आता खणांच्या कपाटांची जोडी करून दे, असं तो म्हणतो. माझी हरकत नाही, पण ती कशा पद्धतीची हवीत हे त्याने काही लिहिलेलं नाही. फुगीर दर्शनीचा एक प्रकार असतो, तो महागही आहे आणि शोभिवंतही. तेव्हा मित्र बोवेनच्या मनात काय आहे ते कळव, म्हणजे मला त्याप्रमाणे करता येईल.

ज्याने कधी सुताराकडे कपाट सांगून ठेवलंय, त्याला हे पत्र वाचताना आपल्याच घरातलं बोलणं कानावर आल्यासारखं वाटेल. काम अर्धं झाल्यावर गिऱ्हाईक मन बदलतं, बोलणं मध्यस्थामार्फत चालतं, मोजमाप आणि नमुना यांचा पत्ता नसतो. आणि सुतार हरकत नाही म्हणता म्हणता हळूच महागडा नमुना पुढे सरकवतो. ही सगळी गोष्ट २६० वर्षांपूर्वीच्या एका कागदावर आहे. हा कागद समजून घ्यायचा तर त्याच्या भोवतीचे आणखी कितीतरी कागद उलगडावे लागतात, आणि त्यातले काही वाचून झोप उडते.

आधी माणसं. गोडार्ड तेव्हा ३९ वर्षांचा होता. मॅसॅच्युसेट्समधल्या डार्टमथला जन्मलेला हा मुलगा न्यूपोर्टला आला, जोब टाउनसेंडच्या हाताखाली शिकला आणि १७४६ मध्ये त्याची मुलगी हॅना हिच्याशी त्याने लग्न केलं. जोबचा धाकटा भाऊ ख्रिस्तोफर, तोही सुतार. दोघांची मुलं सुतार, नातवंडं सुतार. टाउनसेंड आणि गोडार्ड या दोन घराण्यांत तीन-चार पिढ्या मिळून वीसच्या आसपास फर्निचर कारागीर झाले आणि बहुतेक सगळे न्यूपोर्टच्या ईस्टन्स पॉइंट या एकाच वस्तीत राहिले. ही जमीन क्वेकर समाजाकडे आलेली होती. त्यांनी तिचे प्लॉट पाडले आणि १७२५ पासून ते विकले. घराला लागूनच काम करायची जागा, आणि गल्ली संपली की धक्का. लाकूड ज्या वाटेने येई त्याच वाटेने तयार माल जहाजावर चढे. घर, कारखाना आणि गोदी इतकी जवळ असल्यावर सुताराने व्यापारी व्हायला कितीसा वेळ लागणार?

मोझेस ब्राउन अवघा २४ वर्षांचा. प्रॉव्हिडन्सच्या चार ब्राउन भावांपैकी सगळ्यात धाकटा. निकोलस, जोसेफ, जॉन आणि मोझेस. काका ओबडाया ब्राउन १७६२ मध्ये वारला आणि भावांनी निकोलस ब्राउन अँड कंपनी उभी केली. रम, काकवी, स्पर्म व्हेलच्या डोक्यातल्या तेलापासून केलेल्या मेणबत्त्या असा त्यांचा व्यापार होता. जेबेझ बोवेन हा ओबडायाचा जावई, म्हणजे ब्राउन भावांच्या चुलत बहिणीचा नवरा. नवा संसार थाटत होता. पुढे तो ऱ्होड आयलंडचा उपगव्हर्नर झाला. बोवेनचं म्हणून ओळखलं जाणारं चहाचं टेबल आज डेलावेअरमधल्या विंटरथर संग्रहालयात आहे.

आता पत्रातला एक बारकावा, जो मराठी वाचकाला चटकन कळेल. गोडार्ड ब्राउनला ‘दाउ’ म्हणतो, म्हणजे ‘तू’. इंग्रजीत तेव्हा मोठ्या माणसाला ‘यू’ म्हणायची रीत होती, आपल्या ‘तुम्ही’सारखी. क्वेकरांचं म्हणणं असं की देवापुढे सगळे सारखे, मग एकाला तू आणि दुसऱ्याला तुम्ही कशाला? न्यायाधीशालाही ते तूच म्हणत आणि त्यासाठी त्यांच्या आधीच्या पिढ्यांनी तुरुंगही पाहिले होते. मोझेस तेव्हा क्वेकर नव्हता, बाप्टिस्ट घरातला होता. लाकडाच्या भुशाने बोटं माखलेला कारागीर वसाहतीतल्या बड्या पेढीच्या भागीदाराला तू म्हणतो, त्याच्या नातेवाईकाला ‘मित्र बोवेन’ म्हणतो, आणि यात उद्धटपणा कुठेच नाही. बाजारातल्या पत्रात असा समान पातळीवरचा सूर मला फार मोलाचा वाटतो. तो सूर टेबलाकडे कितीही पाहत बसलं तरी ऐकू येणार नाही. तो कागदावरच आहे.

फुगीर दर्शनी म्हणजे नेमकं काय? न्यूपोर्टची खासियत ती हीच. कपाटाचा पुढचा भाग सपाट नसतो. त्याचे तीन उभे पट्टे असतात, कडेचे दोन बाहेर आलेले आणि मधला आत गेलेला. प्रत्येक पट्ट्याच्या डोक्यावर एक शिंपला कोरलेला, बाहेरच्या पट्ट्यांवर उठावदार आणि मधल्यावर खोलगट. खणाच्या तोंडाचा हा उंचसखलपणा एकाच जाड फळीतून काढायचा, म्हणजे लाकडाचा मोठा भाग रंध्याने आणि पटाशीने छाटून टाकायचा. महागडी महोगनी अशी भुशात घालवायची, म्हणून हा प्रकार महाग. आतून मात्र हिशोबीपणा दिसतो. खणाच्या बाजू आणि तळ यांना महोगनी नाही, तिथे चेस्टनट, ट्यूलिप पॉप्लर किंवा पाइन, म्हणजे आसपास मिळणारं लाकूड. खण बाहेर ओढला की डव्हटेल सांध्याचे बारीक दात दिसतात, एकात एक घट्ट बसलेले. त्यांवर ना पॉलिश ना नक्षी, पण हात किती तयार होता ते तिथेच कळतं. गोडार्डने पत्रात ‘महाग’ आणि ‘शोभिवंत’ हे दोन्ही शब्द जोडीने लिहिले ते विचार करून. गिऱ्हाइकाला किमतीचा अंदाज आधी द्यावा आणि मोहही घालावा, हे दोन्ही एका वाक्यात साधलंय.

बिलाचं बोलायचं तर १७६३ च्या ऱ्होड आयलंडमध्ये ते वाचणं हीच एक विद्या होती. वसाहतीने दशकानुदशकं कागदी नोटा छापल्या होत्या. त्या जुन्या नोटांच्या चलनाला ‘ओल्ड टेनर’ म्हणत आणि त्याची किंमत पार घसरली होती. त्याच साली कायद्याने दर ठरवला. स्पॅनिश चांदीचा १ डॉलर म्हणजे ओल्ड टेनरचे ७ पौंड आणि ‘लॉफुल मनी’चे, म्हणजे कायद्याने मानलेल्या पक्क्या चलनाचे, ६ शिलिंग. म्हणजे जुने २३ पौंड आणि वर थोडे शिलिंग मोजले की १ पक्का पौंड. समजा एखाद्या लिहायच्या मेजाचं बिल ओल्ड टेनरमध्ये १४० पौंडांचं आहे. आकडा पाहून छाती दडपते, पण हातात येणार चांदीचे २० डॉलर, म्हणजे ६ पौंड लॉफुल मनी. त्या काळच्या वह्या चाळणाऱ्याने रकमेशेजारची ‘ओ. टी.’ किंवा ‘एल. एम.’ ही दोन अक्षरं सोडली, तर त्याचा सगळा हिशोब तेवीस पटींनी चुकतो.

आणि रोकड हातात येईच असंही नाही. अशा कारागिरांच्या वह्यांत एका पानावर गिऱ्हाइकाच्या नावे टाकलेलं काम असतं आणि समोरच्या पानावर जमा. जमेच्या बाजूला नाणी कमी, वस्तू जास्त. कापड, रम, काकवी, जळाऊ लाकूड, कुणाच्या मजुरीचे दिवस. गोडार्डचा मेहुणा जोब टाउनसेंड धाकटा याची वही उरली आहे, १७५० ते १७७८ या काळातली. संग्रहालयात दिसणारे कोरीव शिंपले डोक्यात ठेवून ती उघडली तर आश्चर्य वाटतं. मेजं आहेत, पण दुरुस्त्याही आहेत, किरकोळ कामंही आहेत. सुताराचं रोजचं पोट असल्या कामांवर चाले, आणि शिंपल्यांचं कपाट सांगणारं गिऱ्हाईक अधूनमधून येई.

न्यूपोर्टच्या सुतारांचा खरा व्यापार मात्र तिसऱ्याच मालात होता, निर्यातीच्या मेजांमध्ये. मेपल, सिडार अशा लाकडांची, साध्या दर्शनीची, पटापट करता येतील अशी मेजं जहाजावर चढवली जात आणि वेस्ट इंडीजला किंवा दक्षिणेकडच्या वसाहतींना जात. बऱ्याचदा आधी गिऱ्हाईक ठरलेलं नसे. कप्तानाला सांगून ठेवायचं, जिथे भाव बरा मिळेल तिथे वीक आणि परत येताना उपयोगी माल आण. जोखीम सुताराची किंवा व्यापाऱ्याची, कधी दोघांची मिळून. इथे सुतार आणि व्यापारी यांच्यातली रेघ पुसली जाते. मेज कॅरिबियन बेटांवर उतरतं, त्याच्या बदल्यात काकवी न्यूपोर्टला येते, काकवीची रम होते, आणि महोगनीचे ओंडकेही त्याच समुद्रातून येतात.

ही महोगनी अमेरिकेत इतकी पसरली त्यामागे एक कायदा आहे. १७२१ मध्ये ब्रिटिश संसदेने अमेरिकेतल्या आपल्या वसाहतींमधून येणाऱ्या लाकडावरची जकात काढून टाकली आणि जमैकाचं लाकूड स्वस्तात बाजारात आलं. अक्रोडाची जागा हळूहळू महोगनीने घेतली. जमैकातली जवळची झाडं संपत गेली तशी होंडुरासच्या आखाताकडे कुऱ्हाडी वळल्या. झाडं शोधणं, तोडणं, ओंडके नदीपर्यंत ओढत नेणं, हे काम गुलाम आफ्रिकी माणसांकडून करून घेतलं जाई. गोडार्डच्या कारखान्यात ओंडका पोहोचेपर्यंत त्या माणसांचं नाव कुठल्याच बिलावर उरलेलं नसे.

हे पत्र लिहिलं गेलं त्यानंतर सात महिन्यांनी, जानेवारी १७६४ मध्ये, ऱ्होड आयलंड वसाहतीने लंडनला एक निवेदन पाठवलं. काकवीवर नवी जकात येणार होती, तिला विरोध म्हणून. त्यात वसाहतीने आपला व्यापार स्वतःच आकड्यांत मांडला आहे. वर्षाला १४,००० हॉग्जहेड, म्हणजे मोठाली पिंपं, काकवी येते आणि त्यातली ब्रिटिश बेटांवरून येणारी २,५०० पेक्षा जास्त नाही. रम गाळायचे कारखाने तीसहून अधिक. दरवर्षी १८ जहाजं सुमारे १,८०० हॉग्जहेड रम घेऊन आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जातात. तिथे ती रम देऊन माणसं विकत घेतली जात. निवेदनात हे लाजत-लपवत लिहिलेलं नाही. आमचं पोट यावर चालतं, ते मोडू नका, असा त्याचा सूर आहे. स्वतःच्या हाताने लिहून दिलेला इतका स्पष्ट कबुलीजबाब इतिहासात सहसा मिळत नाही.

आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये चारही ब्राउन भावांनी भागीदारीत ‘सॅली’ नावाचं जहाज आफ्रिकेला धाडलं. कप्तान इसेक हॉपकिन्स. जहाजावर १७,००० गॅलनांच्या वर रम. या सफरीचे कागद, सूचनापत्रं, हॉपकिन्सची हिशोबवही, सगळं जपलं गेलंय. हॉपकिन्सने १९६ माणसं घेतली, त्यातली किमान १०९ मेली. रोगाने, उपासमारीने, बंड मोडून काढताना झालेल्या गोळीबारात, काहींनी स्वतःच जीव दिला. वहीत मृत्यूंना नावं नाहीत, क्रमांक आहेत. एक मुलगा, एक बाई, आणि त्यापुढे आकडा, एकेक वाढत जाणारा. जमाखर्चाच्या त्याच रेघा, तेच रकाने, तीच शाई. गोडार्डचं बिलासकट पाठवलेलं पत्र वाचून आपण हसलेलो असतो. त्याच गिऱ्हाइकाच्या दप्तरातली ही दुसरी वही हातात आली की बोट पानावर थांबतं.

चहाच्या टेबलाचे पैसे सॅलीच्या पैशांतून आले, असं म्हणता येणार नाही. टेबल आधीचं, सफर नंतरची, आणि ती सफर तर बुडीत गेली. ब्राउनांच्या मिळकतीत मेणबत्त्याही होत्या, किनाऱ्यावरचा साधा व्यापारही होता. पण एका पेढीच्या वह्या वेगवेगळ्या खोल्यांत ठेवून वाचायच्या, फर्निचरच्या अभ्यासकाने ही आणि गुलामगिरीच्या अभ्यासकाने ती, हे मला पटत नाही. लिहिणाऱ्यांनी त्या एकाच टेबलावर बसून लिहिल्या होत्या. ब्राउन घराण्याच्या देणग्यांमुळे १८०४ पासून ज्याला ब्राउन विद्यापीठ म्हणतात, त्या विद्यापीठाने २००३ मध्ये एक समिती नेमली आणि २००६ मध्ये अहवाल दिला. त्यात सॅलीच्या कागदांना मध्यवर्ती जागा मिळाली. दप्तर तिथेच होतं. ते सगळ्यांसमोर उघडायला मात्र दोन शतकांच्या वर गेली.

गोडार्डचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. डिसेंबर १७७६ मध्ये ब्रिटिश फौजा न्यूपोर्टमध्ये उतरल्या आणि ऑक्टोबर १७७९ पर्यंत राहिल्या. १७७४ च्या शिरगणतीत ९,००० च्या वर असलेलं गाव जवळजवळ अर्ध्यावर आलं. बंदर बंद, गिऱ्हाईक परागंदा. न्यूपोर्ट त्यातून पूर्वीसारखं कधीच सावरलं नाही, व्यापार प्रॉव्हिडन्सकडे गेला. १७८५ मध्ये गोडार्ड वारला तेव्हा त्याच्या मालमत्तेतून त्याचं कर्ज फिटत नव्हतं. स्टीफन आणि थॉमस या मुलांनी काम पुढे चालवलं. त्याचं १७६३ चं पत्र आज वाचता येतं ते गिऱ्हाइकाच्या दप्तरामुळे. मोझेस ब्राउन कागद जपणारा माणूस होता आणि ९७ वर्षं जगला. त्याचे कागद प्रॉव्हिडन्सच्या ऱ्होड आयलंड हिस्टॉरिकल सोसायटीत आहेत.

मोझेस बदलला. १७७३ मध्ये त्याची बायको ॲना वारली. त्याच वर्षी त्याने आपल्या ताब्यातल्या गुलामांना मुक्त केलं आणि पुढच्या वर्षी तो क्वेकर झाला. ज्या सुताराने त्याला पूर्वीच तू म्हटलं होतं, त्याच्याच पंथात. मग तोही लोकांना तू म्हणू लागला. सख्खा भाऊ जॉन गुलामांच्या व्यापाराचं उघड समर्थन करत राहिला आणि मोझेस त्याच्याविरुद्ध उभा राहिला.

२६ ऑगस्ट १७८३ चं त्याचं एक पत्र आहे, प्रॉव्हिडन्सच्याच क्लार्क अँड नाइटिंगेल या पेढीला लिहिलेलं. ही पेढी आफ्रिकेला जहाज पाठवायच्या विचारात आहे असं त्याच्या कानावर आलं होतं. १७६४ मध्ये आम्ही भावांनी हेच केलं, माझं मन तेव्हाही सांगत नव्हतं तरी मी त्यात ओढला गेलो आणि ती गोष्ट माझ्या मनाला लागून राहिली आहे, तुम्ही हे करू नका, असा त्याचा आशय आहे. एका व्यापाऱ्याने दुसऱ्या व्यापाऱ्यांना, जुन्या सौद्याचा दाखला देऊन लिहिलेलं हेही शेवटी व्यापारी पत्रच.

त्या पेढीतल्या जोसेफ नाइटिंगेलने १७९० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रॉव्हिडन्समध्ये एक मोठं लाकडी घर बांधलं. १८१४ मध्ये ते धाकट्या निकोलस ब्राउनने, मोझेसच्या पुतण्याने, विकत घेतलं आणि पुढच्या पिढ्या तिथे राहिल्या. थोरल्या निकोलसचं नऊ शिंपल्यांचं महोगनी मेज-कपाट, गोडार्डच्या हातचं मानलं जाणारं, याच घराण्यात चालत आलं होतं. विसाव्या शतकात घराचं लाकूड आतून खराब झालं आणि दुरुस्तीला पैसे हवे होते, म्हणून ३ जून १९८९ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्या मेज-कपाटाचा लिलाव झाला. १ कोटी २१ लाख डॉलर आले. घर सावरलं. मेज-कपाटाच्या जागी त्याची हुबेहूब नक्कल करून ठेवली, तीही एका सुतारानेच, महोगनीच्या जाड फळ्या छाटून.